बोलणं कळतं, माणूस चुकीचा कळतो: जॉन गम्पर्झ यांचं काम सोप्या भाषेत

कुपवाड म्हटलं की सांगलीकरांना एमआयडीसी आठवते. १९९८ साली सांगली आणि मिरजेच्या जोडीनं ते महानगरपालिकेत गेलं आणि त्याचं गावपण हळूहळू मागं पडलं. पण भाषाशास्त्र शिकणाऱ्या कुठल्याही देशातल्या मुलांना सांगली ऐकून माहीत नसली, तरी कुपवाड माहीत असण्याची शक्यता बरीच आहे. इंग्रजी पुस्तकांत ते 'कुपवार' असं छापलं जातं, एवढाच फरक. अनेक भाषा एकाच गावात पिढ्यानपिढ्या नांदल्या तर त्या एकमेकींचं काय करतात, हा विषय निघाला की या गावाचा दाखला हटकून दिला जातो. तो दाखला जगापुढं आणला जॉन गम्पर्झ यांनी, रॉबर्ट विल्सन या सहकाऱ्याबरोबर १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखातून.

मराठीत गम्पर्झ यांच्याबद्दल फारसं लिहिलं गेलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं. दोन माणसं एकच भाषा बोलतात, शब्द दोघांनाही कळतात, तरी संभाषण संपताना एकाला दुसरा उद्धट वाटतो आणि दुसऱ्याला पहिला आपल्याला कमी लेखतोय असं वाटतं. असं का होतं, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. त्यांची ओळख आंतरसांस्कृतिक संवादाचे अभ्यासक अशी झाली ती लंडन आणि कॅलिफोर्नियातल्या कामामुळं. त्या कामाचा पाया मात्र भारतातल्या खेड्यांत घातला गेला होता.

रसायनशास्त्र सोडून बोलीभाषांकडं

त्यांचं मूळ नाव हान्स-योसेफ गम्पर्झ. जन्म १९२२ सालचा, जर्मनीतल्या हाटिंगेन गावात, ज्यू कुटुंबातला. नाझी सत्तेत ज्यू मुलाला पुढचं शिक्षण घेणं अशक्य होत गेलं आणि इटली, मग हॉलंड असं करत हा तरुण १९३९ साली अमेरिकेला पोचला. तिथं सिनसिनाटी विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतलं ते रसायनशास्त्राचं. मध्ये महायुद्ध आलं, अमेरिकी सैन्यातली नोकरी झाली, आणि पदवी हातात पडली १९४७ साली. पुढच्या शिक्षणासाठी मिशिगन विद्यापीठात गेले, तेही रसायनशास्त्रासाठीच. तिथं भाषाशास्त्राची व्याख्यानं कानावर पडली आणि त्यांनी विषयच बदलला.

पीएचडीसाठी त्यांनी निवडलेला विषय पाहण्यासारखा आहे. मिशिगनच्या वॉशटेनॉ परगण्यात जर्मनीच्या श्वाबेन भागातून आलेल्या शेतकऱ्यांची तिसरी पिढी राहत होती. ती घरी अजून श्वाबियन बोली बोलायची. वेगवेगळ्या खेड्यांतून आलेल्या लोकांच्या बोली अमेरिकेत एकत्र येऊन कशा बदलल्या, याचा तो अभ्यास. ज्या देशातून आपल्याला निघावं लागलं त्याच देशाच्या बोलीवर एका निर्वासितानं प्रबंध लिहिला. त्यामागं त्यांच्या मनात काय होतं ते माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. पण भाषा माणसाबरोबर प्रवास करते आणि नव्या शेजारात वेगळी होते, ही गोष्ट त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी स्वतः अनुभवली होती, हे नक्की.

१९५४ साली प्रबंध पुरा झाला आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकल्पातून ते थेट उत्तर प्रदेशातल्या सहारनपूर जिल्ह्यात पोचले. गावाचं नाव खालापूर. (रायगड जिल्ह्यातलं आपलं खालापूर हे नव्हे.)

रोज भेटूनही बोली वेगळी का राहते

खालापूरची लोकवस्ती तेव्हा पाच हजारांच्या आसपास होती आणि गावात ३१ जाती. जमिनी राजपुतांच्या, संख्याही त्यांचीच जास्त. गम्पर्झ यांनी गावातल्या वेगवेगळ्या लोकांचे उच्चार टिपले आणि कुठल्या जातीचं बोलणं कुणाशी जुळतं, याचा तक्ता मांडला.

तोवर भाषाशास्त्रात एक समजूत घट्ट होती. जे लोक एकमेकांशी जास्त बोलतात त्यांची बोली सारखी होत जाते आणि जे कमी बोलतात त्यांची वेगळी पडते. नदी, डोंगर, अंतर यांमुळं बोली का बदलते, हे या समजुतीनं छान समजायचं. खालापुरात ती अडखळली. सवर्ण मानल्या जाणाऱ्या बहुतेक जातींचं बोलणं जवळपास एकसारखं निघालं, गावातले मुसलमान राजपूतही त्यातच. वेगळं निघालं ते अस्पृश्य ठरवलेल्या समाजांचं. सफाईचं काम करणारी माणसं तर रोज राजपुतांच्या दारात जायची, त्यांच्याशी रोज बोलायची. बोलण्याचं प्रमाण मोजलं तर कितीतरी दुरून आलेल्या पाहुण्यापेक्षा त्यांचा संबंध जास्त. तरी बोली वेगळी ती वेगळीच.

गम्पर्झ यांनी यातून जे काढलं ते मला त्यांच्या सगळ्या कामाचं बीज वाटतं. कोण कुणाशी किती वेळा बोलतं याला फार अर्थ नाही. कोण कुणाबरोबर हुक्का ओढतं, कुणाची मुलं कुणाच्या मुलांबरोबर खेळतात, कोण कुणाच्या ओट्यावर काही काम नसताना बसतं, यावर बोली ठरते. हुकूम देणं आणि हुकूम घेणं यालाही बोलणंच म्हणतात, पण त्यातून एकाची भाषा दुसऱ्याच्या तोंडी जात नाही. १९५८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जातीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण जात ही माणसाच्या स्वरात आणि व्यंजनात कशी शिरून बसते, हे इतक्या बारकाईनं आधी फारसं कुणी दाखवलं नव्हतं.

त्याच सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं भाषाशास्त्राचे वर्ग भरत होते. अमेरिकेतले आणि भारतातले अभ्यासक तिथं एकत्र शिकवायचे, शिकायचे. भारतातल्या आधुनिक भाषाशास्त्राची एक अख्खी पिढी त्या वर्गांतून तयार झाली. गम्पर्झही त्यात होते आणि अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसनही. दक्षिण आशियातल्या भाषावैविध्यावर या दोघांनी मिळून संपादित केलेलं पुस्तक १९६० साली आलं. दरम्यान, १९५६ पासून गम्पर्झ बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होते. तिथं त्यांना आधी नेमलं होतं ते हिंदी-उर्दू शिकवण्याची सोय उभी करण्यासाठी.

कुपवाड

आता आपल्या गावाकडं येऊ. १९६० च्या दशकातलं कुपवाड म्हणजे काही हजार वस्तीचं शेतीवाडीचं गाव. जैन आणि लिंगायत कानडी बोलायचे, मुसलमान उर्दू, दलित आणि भूमिहीन मजूर मराठी, आणि दोर वळणाऱ्या काही घरांत तेलुगू. जमीन मुख्यत्वे जैनांकडं. यातली कुठलीच भाषा नुकती आलेली नव्हती. कानडी आणि मराठी त्या भागात कित्येक शतकं शेजारी आहेत आणि उर्दूलाही आदिलशाहीच्या काळापासूनची मुळं आहेत.

शेतात, बाजारात, पारावर बहुतेक पुरुषांना दोन-तीन भाषा येत. दोन वेगळ्या समाजांचे लोक समोर आले की सहसा मराठी चाले. तिथली सत्ता जमीनवाल्या जैनांकडं होती आणि त्यांची भाषा कानडी. मराठी गावातल्या कुठल्याच वरचढ गटाची घरची भाषा नव्हती. त्यामुळं मराठी बोलल्यानं कुणी कुणापुढं झुकल्यासारखं होत नव्हतं. घरी मात्र ज्याची त्याची भाषा.

अशा गावात शेवटी एकच भाषा उरेल, असा कुणाचाही अंदाज असता. तसं झालं नव्हतं. गम्पर्झ आणि विल्सन यांना दिसलं ते असं: शब्द वेगळे राहिले होते आणि वाक्याची घडण एक झाली होती. त्यांनी दिलेलं एक उदाहरण फार गाजलेलं आहे. कुपवाडची मराठी म्हणते, 'पाला जरा कापून घेऊन आलो.' कुपवाडची उर्दू म्हणते, 'पाला जरा काट के ले के आया.' कानडी वाक्यातही हाच क्रम, हाच जोड. आधी पाला, मग जरा, मग कापून, मग घेऊन, मग आलो. एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येतं. घराचा नकाशा एकच, रंग तेवढा प्रत्येकाचा वेगळा.

हे सगळीकडून सगळीकडं झालं होतं. पुस्तकी कानडीत 'हे माझं घर आहे' म्हणताना 'आहे' लागत नाही, 'हे माझं घर' एवढ्यावर वाक्य पुरं होतं. कुपवाडच्या कानडीनं मात्र मराठी-उर्दूसारखा 'आहे' घेतला. उलट्या बाजूनं, कानडीत लिंग ठरतं ते अर्थावरून. पुरुष पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी, बाकी वस्तू, जनावरं, झाडं सगळी नपुंसकलिंगी. आपल्या मराठीत नदी स्त्रीलिंगी आणि डोंगर पुल्लिंगी का, याला उत्तर नाही, पाठ करायचं. कुपवाडच्या मराठीनं कानडीची सोपी वाट धरलेली होती. तिथं 'नदी आली' ऐवजी 'नदी आलं' ऐकू आलं. पुण्याच्या शाळेत या वाक्यावर लाल शाईची फुली पडली असती. गम्पर्झ यांच्या वहीत ती चूक म्हणून गेली नाही, तीन समाजांनी शेकडो वर्षांत मिळून केलेली सोय म्हणून गेली. कोल्हापूर-सांगलीकडच्या बोलण्याला अशुद्ध म्हणणाऱ्यांनी ही नोंद एकदा तरी वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

मग शब्द तरी वेगळे का ठेवले? कारण शब्दच ऐकू येतात. वाक्याची घडण कुणी कान देऊन ऐकत नाही, पण 'पाला' म्हटलं की त्यासाठीचा कानडी शब्द 'तापला' म्हटला, यावरून बोलणारा कुणाचा हे लगेच कळतं. रोजच्या कामासाठी लोकांना एकमेकांचं बोलणं सहज उचलता यायला हवं होतं आणि आपण कोण आहोत हेही सोडायचं नव्हतं. रोटीबेटीच्या भिंती शाबूत होत्या, म्हणून भाषांची नावंही शाबूत राहिली. एवढी सगळी तडजोड त्यांनी व्याकरणाच्या अशा कोपऱ्यात केली जिथं कुणाचं लक्ष जात नाही.

हा अभ्यास शेवटचा शब्द मात्र नाही. जवळपास चाळीस वर्षांनी डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडच्या भाषांचा पुन्हा शोध घेतला. शब्दाला शब्द जुळण्याचं जे चित्र गम्पर्झ-विल्सन यांनी रंगवलं, ते तितकं सरसकट धरता येतं का, असा प्रश्न त्यांनी पुराव्यानिशी विचारला. शिवाय भाषावार प्रांतरचनेनंतर मराठी ही राज्याची, शाळेची, कचेरीची भाषा झाली आणि गावातला भाषांचा जुना तोल बदलला, हेही पुढं आलं. जी मराठी कुठल्याच वरचढ गटाची नव्हती म्हणून चालत होती तिच्यामागं आता सरकार उभं होतं.

नॉर्वेतली कचेरी

मधल्या काळात गम्पर्झ यांनी नॉर्वेच्या उत्तरेकडच्या हेम्नेसबेर्गेत या छोट्या गावात यान-पेटर ब्लोम या नॉर्वेच्या मानववंशशास्त्रज्ञाबरोबर काम केलं. १९७२ साली आलेला त्यांचा लेख भाषा बदलत बोलण्याच्या अभ्यासातला मैलाचा दगड मानतात. गावात दोन रूपं होती, गावची बोली आणि शिक्षणाची प्रमाण नॉर्वेजियन. कचेरीत माणूस आला की कारकून आणि तो घरच्यांची ख्यालीखुशाली बोलीत विचारायचे आणि कामाचा कागद पुढं सरकला की दोघंही प्रमाण भाषेत जायचे. समोरची माणसं तीच, टेबल तेच. फक्त आता आपण शेजारी म्हणून बोलतोय की अर्जदार आणि अधिकारी म्हणून, हे भाषा बदलून एकमेकांना कळवलं जात होतं.

बाहेरगावी शिकणारी गावची काही मुलं सुट्टीत आली होती. आम्ही घरी फक्त बोलीच बोलतो, असं ती ठामपणे सांगायची. ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर दिसलं की राजकारणाचा किंवा अभ्यासाचा विषय निघाला की ती नकळत प्रमाण भाषेकडं सरकत होती. मुलं ओशाळली, पुन्हा असं करणार नाही म्हणाली. आपण कसं बोलतो हे आपल्या स्वतःच्याच कानाला कळत नाही, हा धडा गम्पर्झ पुढं विसरले नाहीत. त्यानंतरच्या त्यांच्या कामात लोकांना 'तुम्ही कसं बोलता' असं विचारण्यापेक्षा टेप लावून ऐकण्यावर भर आहे.

'ग्रेव्ही'

१९७० च्या दशकात लंडनच्या हीथ्रो विमानतळावर कर्मचाऱ्यांसाठीच्या कॅन्टीनमध्ये भारत-पाकिस्तानातून आलेल्या बायका नव्यानं कामाला लागल्या होत्या. सामानाची ने-आण करणारे गोरे कामगार तिथं जेवायला यायचे. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या: या बायका तुसड्या आहेत, सहकार्य करत नाहीत. बायकांची तक्रार उलटी होती. आमचं काही चुकत नसताना आम्हाला वेगळं वागवलं जातं.

गम्पर्झ यांनी वाढप सुरू असतानाचं बोलणं पाहिलं, ऐकलं. बायका बोलायच्या ते मुळात थोडंच. कुणी मांसाचा पदार्थ घेतला की वर ग्रेव्ही हवी का, हे विचारायचं. इंग्रज बाई विचारायची 'ग्रेव्ही?', शेवटाला सूर वर जायचा. भारतीय बाई म्हणायची 'ग्रेव्ही.', सूर खाली यायचा. शब्द एकच, उच्चार समजण्यासारखा. पण इंग्रज कानाला पहिल्यात 'घालू का?' ऐकू यायचं आणि दुसऱ्यात 'ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या.' ग्रेव्ही समोर दिसत असताना ती ग्रेव्ही आहे असं सांगणारी बाई त्यांना उद्धट वाटली, यात त्यांच्या परीनं नवल नव्हतं.

दोन्ही प्रकारच्या 'ग्रेव्ही' बायकांना टेपवर ऐकवल्या, तेव्हा त्यांना फरक दिसला नाही. आम्हीही तेच म्हणतो, त्याही तेच म्हणतात. चर्चा पुढं गेली तेव्हा उलगडा होत गेला. विचारताना सूर खाली आणणं ही त्यांच्यासाठी साधी, सभ्य पद्धत होती. काहीतरी बिनसतंय हे त्यांना पहिल्या दिवसापासून जाणवत होतं, पण कशावरून ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. जे सांगता येत नाही त्याचं एकच स्पष्टीकरण हाताशी राहतं, ते म्हणजे समोरच्याच्या मनात आकस आहे. वरिष्ठांनाही कळलं की त्या सुरामागं हेटाळणी नव्हती.

मला या प्रसंगात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही: सुराची चूक कुणाला चूक म्हणून ऐकू येत नाही. व्याकरण चुकलं तर ऐकणारा म्हणतो, परदेशी आहे, भाषा शिकतेय. सूर चुकला तर तो म्हणतो, बाईच अशी आहे. आणि भाषा जितकी चांगली येते तितका हा धोका वाढतो. मोडकंतोडकं बोलणाऱ्याला लोक सांभाळून घेतात. अस्खलित बोलणाऱ्याला ती सवलत मिळत नाही.

सूर, आवाजाची चढउतार, थांबण्याची जागा, वेग, कुठल्या शब्दावर जोर, मधेच भाषा बदलणं, या सगळ्यांना मिळून गम्पर्झ यांनी एक नाव दिलं. मराठीत त्यांना संदर्भाच्या खुणा म्हणता येईल. वाक्य काय सांगतंय हे शब्द सांगतात. ते वाक्य कसं घ्यायचं, म्हणजे विनंती की हुकूम, थट्टा की तक्रार, विषय संपला की अजून सुरू आहे, हे या खुणा सांगतात. त्या आपण लहानपणी आपल्या माणसांत शिकतो, कुठल्याही शाळेत त्यांचा तास नसतो. म्हणून त्या आपल्याला निसर्गनियमासारख्या वाटतात. १९८२ साली आलेल्या 'डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज' या त्यांच्या मुख्य पुस्तकाचा गाभा हाच.

त्या पुस्तकातला बसमधला प्रसंग बघा. लंडनच्या बसवर वेस्ट इंडीजहून आलेला एक ड्रायव्हर आहे. तो प्रवाशांना सांगतो, सुटे पैसे द्या, प्लीज. कुणीतरी सुटे देत नाही. तो पुन्हा सांगतो, या वेळी आवाज चढवून, आणि 'प्लीज' अंमळ थांबून, वेगळा तोडून. प्रवासी पुटपुटतो, ही माणसं इतकी उर्मट आणि अंगावर येणारी का असतात? शब्दात 'प्लीज' आहे, तरी ऐकणाऱ्याला धमकी ऐकू आली. शेवटच्या 'प्लीज'वर जोर देण्याची ड्रायव्हरकडची पद्धत नम्रतेची होती. आणि पुटपुटण्यातला 'ही माणसं' हा शब्दप्रयोग बघा. एका माणसाच्या एका सुरावरून अख्ख्या जमातीवर शिक्का बसला.

भारतीय इंग्रजीबद्दलही गम्पर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंच बारीक लिहिलं. आपल्याकडं बरेच जण आधी पार्श्वभूमी सांगतात, कारणं मांडतात आणि मुद्द्यावर शेवटी येतात. इंग्रज श्रोता मुद्दा सुरुवातीला शोधतो, सापडला नाही की म्हणतो, हा माणूस गोल गोल फिरतोय. बोलणं मधेच तोडलं जाऊ नये म्हणून आपण आवाज वाढवतो, ते त्याला चिडणं वाटतं. मराठीपुरतं मी यात एक जोडेन. आपला आदर क्रियापदात असतो. 'पाणी द्या' किंवा 'पाणी देता का?' यात मान आलाच, वेगळा शब्द लागत नाही. हेच मनात धरून इंग्रजीत वाक्य केलं की आदर मराठीतच राहतो आणि समोरच्याला नुसता हुकूम पोचतो. परदेशी टीमबरोबर कॉलवर काम करणाऱ्या कितीतरी मराठी मुलामुलींना 'तुम्ही फार थेट बोलता' असा शेरा मिळतो, तो बहुधा इथूनच.

गैरसमज की भेदभाव?

गम्पर्झ यांचं हे काम विद्यापीठात अडकून पडलं नाही. लंडनच्या साउथॉल भागात कारखान्यांतल्या कामगारांना इंग्रजी शिकवणाऱ्या टॉम जप आणि सीलिया रॉबर्ट्स यांच्याबरोबर त्यांनी केलेल्या कामावर बीबीसीनं १९७९ साली 'क्रॉसटॉक' हा कार्यक्रम केला. बँक, कचेरी, मुलाखत अशा ठिकाणचे खटके त्यात उलगडून दाखवले होते. हजारो लोकांपर्यंत ही कल्पना पोचली की भांडणाचं मूळ कधी कधी सुरात असतं.

यावर सगळ्यात धारदार आक्षेप घेतला तो राजेंद्र सिंह, जयंत लेले आणि गीता मार्तोहार्जोनो या तिघांनी, १९८८ साली. महाराष्ट्राच्या राजकारणाच्या अभ्यासकांना जयंत लेले यांचं नाव नवं नाही. या तिघांचं म्हणणं थोडक्यात असं: गैरसमज दोन्हीकडून झाला म्हणता, मग सूर बदलण्याचं प्रशिक्षण नेहमी एकाच बाजूला का? त्या बायकांची 'ग्रेव्ही' कशी ऐकायची, हे खाणाऱ्यांनी का शिकू नये? भारतासारख्या बहुभाषिक समाजात माणसं रोज वेगळ्या पद्धतीनं बोलणाऱ्यांना भेटतात आणि निभावून नेतात. तिथं प्रत्येक फरकाचं भांडण होत नाही. फरकाचं भांडण होतं ते जिथं एका गटाच्या हातात नोकरी, घर, कर्ज असतं आणि त्याला समजून घ्यायची गरज पडत नाही. ज्याला भेदभाव करायचाच आहे त्याच्यासाठी सूर हे निमित्त असतं.

हा आक्षेप मला बिनतोड वाटतो आणि तरी त्यानं गम्पर्झ यांचं काम खोडलं जातं असं वाटत नाही. खालापूरच्या अभ्यासात त्यांनीच दाखवलं होतं की रोजच्या भेटीगाठीही सत्तेची भिंत ओलांडत नाहीत. लंडनच्या लिखाणात ती भिंत जरा फिकट झाली, हे खरं. पण नोकरी नाकारणारा माणूस कागदावर 'जातीमुळं' किंवा 'वर्णामुळं' असं लिहीत नाही. तो लिहितो, 'संवादकौशल्य कमी.' या दोन शब्दांच्या आत नेमकं काय घडलं, कुठल्या क्षणी मुलाखत घेणाऱ्याचं मत फिरलं, हे टेप थांबवून थांबवून दाखवण्याची पद्धत गम्पर्झ यांनी दिली. भेदभाव झाला असं नुसतं म्हणणं आणि तो कुठल्या वाक्यापाशी झाला हे दाखवणं, यात पीडितासाठी फार मोठा फरक आहे.

भाषेचे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांच्याबरोबर गम्पर्झ यांनी १९६४ आणि १९७२ साली संपादित केलेल्या निबंधसंग्रहांनी भाषाशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांच्यामधला बांध फोडला. बर्कलीत त्यांच्याकडं शिकलेल्यांपैकी डेबोरा टॅनन यांनी हाच विचार घरातल्या, नवरा-बायकोच्या बोलण्यापर्यंत नेला आणि सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचवला. उत्तरायुष्यात गम्पर्झ सांता बार्बराला होते. पत्नी जेनी कुक-गम्पर्झ या समाजशास्त्रज्ञ, पुष्कळ लिखाण दोघांनी मिळून केलेलं. २९ मार्च २०१३ रोजी, ९१ व्या वर्षी ते गेले.

लेले आणि इतरांच्या प्रश्नाला उत्तर देण्याचं काम पुढं सीलिया रॉबर्ट्स यांच्या अभ्यासात दिसतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्यांनी आणि सारा कॅम्पबेल यांनी ब्रिटनमधल्या कमी पगाराच्या नोकऱ्यांच्या खऱ्या मुलाखतींची ध्वनिचित्रमुद्रणं तपासली. कामं साधी होती. पण मुलाखतीत उमेदवाराकडून अपेक्षा असायची ती स्वतःच्या अनुभवाची नेटकी गोष्ट सांगण्याची: अडचण कोणती आली, मी काय केलं, त्यातून काय शिकलो. ब्रिटनमध्ये वाढलेल्या माणसाला, मग तो गोरा असो वा नसो, ही गोष्ट कशी सांगायची ते ठाऊक असतं. बाहेरून आलेला माणूस तेच काम वर्षानुवर्षं केलेला असला तरी 'हो, ते मला येतं' एवढंच सांगून थांबायचा आणि मागं पडायचा. त्या कामाला लागणार नाही इतकं अवघड बोलणं मुलाखतीत मागितलं जात होतं. रॉबर्ट्स यांनी त्याला भाषेचा दंड म्हटलं. आणि या वेळी शिफारशी मुलाखत घेणाऱ्यांसाठी होत्या: प्रश्न सरळ विचारा, काय अपेक्षित आहे ते आधी सांगा, आणि समोरच्याची गोष्ट तुमच्या ठरलेल्या साच्यात बसली नाही म्हणून त्याचे गुण कापू नका.